नोंदीतले नाव

वनमालाच्या संगणकावर गेले नऊ दिवस, अकरा ते पाच, समाधान बसल्याची नोंद होती. त्याच वेळात समाधान अंबाजोगाईच्या कॉलेजात संगणक शिकवत होता. घाटनांदूरच्या घरी बायको वनमाला लोकांचे ऑनलाइन अर्ज भरते आणि शेजारचा सुरज तिथे अंमळ जास्तच रेंगाळतो, हे त्याला खुपत होते. म्हणून संगणकासमोर कोण बसते ते टिपणारा छुपा प्रोग्राम त्याने तिच्या नकळत बसवला होता.

"माझा पासवर्ड सुरजला दिलास का?" त्याने विचारले.

"तुमचं नाव म्या लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच," ती अर्जावरून नजर न काढता म्हणाली. "तुमचा पासवर्ड दुसऱ्याला काऊन देऊ?"

अखेर त्याने स्वतःचाच प्रोग्राम ओळीओळीने तपासला. पडद्याआड चालणारा तो प्रोग्राम समोर कोण बसले आहे हे विचारतच नव्हता. आपण कोणाच्या खात्यावरून चालतो, एवढेच विचारत होता. खाते समाधानचे होते; त्यानेच त्यावरून तो बसवला होता.

म्हणजे नोंद खोटी नव्हती. वनमालाच्या संगणकात तिच्या नकळत शिरून बसलेला पुरुष एकच होता, आणि त्याचे नाव नऊही दिवस बिनचूक लिहिले गेले होते.