रोज नवं दुखणं

स्टार्टर घरघरला, कण्हला आणि गप्प झाला.

माई गॅरेजच्या पायरीवर उभी होती. दाराची चौकट तिने इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली. इंजिन लागलं नाही हे कळलं तशी ती मटकन खाली बसली.

"रडू नकोस गं माई," लेक गाडीतून म्हणाला. रडवेला झाला होता तो स्वतःच.

"रडतंय कोण? गुडघे दुखतात माझे. एवढा इंजिनिअर केला तुला, आणि एक गाडी चालू होईना. तुझा बाप डोळे मिटून करायचा."

गाडी लाल, बसकी, दोन दारांची. लेकापेक्षा वयाने मोठी, आणि नखरेही तितकेच जास्त. त्याच्या वडिलांनी, अण्णांनी, तिचा जुना कार्ब्युरेटर काढून पेट्रोल इंजेक्शनचं किट बसवायला घेतलं, निम्म्या तारा जोडल्या आणि अंथरूण धरलं. गॅरेजच्या भिंतीपलीकडेच त्यांची खाट. डॉक्टरांनी आठ दिवस सांगितले. अण्णा म्हणाले, "इंजेक्शनवर तिचा आवाज एकदा ऐकतो, मग मी मोकळा."

लेक रजा टाकून धावत आला. त्यालाही आज तेवीस दिवस झाले. रजा दोनदा वाढवून झाली होती.

काल डॉक्टर नाडी सोडून म्हणाले होते, "कशाच्या जोरावर तग धरून आहेत, मला तरी कळत नाही."

"गाडीच्या," लेक म्हणाला आणि त्याने तोंड फिरवलं.

आणि गाडीचं तर रोज नवं दुखणं. एकदा अर्थिंगचा बोल्ट ढिला निघाला. एकदा पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज गेला. एकदा रिले अर्धवटच बसलेला. लेक शोधायचा, स्वतःलाच शिव्या घालायचा, नीट करायचा. दुसऱ्या दिवशी आणखी काहीतरी.

संध्याकाळी माई अण्णांना चमच्याने सूप भरवायची आणि दिवसभराचं सांगायची. तेवढ्या वेळापुरते अण्णांचे डोळे लकाकायचे.

"फ्यूज? हात्तिच्या! बारकं काम आहे ते."

"मग मोठं काय असतं? अजून काय काय बिघडू शकतं हो?"

"लिहून घेतेस?"

"लिहायला मला येतं कुठे धड? तुम्ही बोला. तीस वर्षं नटबोल्टचे पाने हातात दिलेत तुमच्या. तेरा नंबर मागितलात आणि बारा दिला, असं झालंय कधी?"

मग अण्णा सांगत सुटायचे. कोणती तार कुठून कुठे जाते. डिस्ट्रिब्युटरच्या मागे एक क्लिप असते. ती सैल झाली की इंजिन फिरतंय हेच इंजेक्शन चालवणाऱ्या डब्याला कळत नाही. वरून बघावं तर बसल्यासारखी दिसते. बोलता बोलता वाटीभर सूप संपायचं.

"माई, ये गं," लेकाने हाक मारली. तो डॅशबोर्डखाली डोकं घालून पडला होता, हातात टेस्टरचा दिवा. "चावी लाव. आता स्टार्टर मार."

तिने चावी फिरवली. दिवा विझला.

"सापडलं!" तो किंचाळलाच. "डब्याची तार रेडिओच्या लाइनवर आहे! स्टार्टर फिरताना रेडिओ बंद पडतो, मग डबाही पडणारच. मेंदूच बंद, तर इंजिन लागेल कसं?"

"मग घे काढून."

"पण मी ही इग्निशनला जोडली होती! वहीत लिहिलंय, बघ."

"मग काय, तारेला पाय फुटले?"

"मला वेड लागलंय, माई."

"धड झोपत नाहीस, धड जेवत नाहीस. दुसरं काय होणार?"

त्याने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. पाठ हलू लागली. "बापाने आयुष्यात एकच गोष्ट मागितली माझ्याकडे. माझ्या हातून ती राहून गेली तर?"

माईचा हात त्याच्या डोक्यावर गेला. केस विरळ झाले होते पोराचे.

"नाही राहायची," ती म्हणाली. "तुझ्या हातून तर नाहीच."

त्याने तार सोडवली, योग्य जागी आवळली, तीनदा ओढून पाहिली. पण स्टार्टर मारून मारून बॅटरी बसली होती. त्याने चार्जर लावला.

"पाच वाजेपर्यंत भरेल. अण्णांना उठवून बसव, खिडकी उघड. आज लागणारच."

"लागेल हो. आधी अंघोळ कर जा, पेट्रोल प्यायल्यासारखा वास मारतोयस. तोवर मी इथला केर काढते."

पाच वाजायला आले तशी माई आत गेली. अण्णांच्या पाठीशी दोन उशा लावल्या, खिडकी उघडली आणि खाटेच्या कडेला बसली. अण्णांनी तिचा हात हातात घेतला, उलटा केला, निरखून पाहिला. अंगठ्याचं नख काळं झालं होतं. त्यांनी उशाजवळचा ओला नॅपकिन ओढला आणि ते नख पुसू लागले. पार स्वच्छ होईपर्यंत पुसलं.

"मागची क्लिप?" ते कुजबुजले.

"हं."

"काढलीस की नुसती सैल केलीस?"

"सैल. काढली तर दिसते ना."

भिंतीपलीकडे गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला.

"शाब्बास," अण्णा म्हणाले. "उद्याचं मी आठवून ठेवलंय."