दगा न देणारी गाडी

भाईंदरच्या जुन्या गाड्यांच्या दुकानात नोरा दोन फोर-बाय-फोर गाड्या निरखत होती.

“ही कधी दगा देत नाही, पण मेंटेनन्स महाग. त्या दुसरीचे पार्ट स्वस्त, पण सारखी बंद पडते,” सेल्समन म्हणाला. “आंटी, खरं सांगू? तुमच्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत दोन्ही गंजतील. साधी गाडी घ्या. रस्त्यावर चारही चाकांना जोर कशाला हवा?”

“रस्त्यावर न्हाय, रेतीवर. होडी वर ओढायचीय.”

“ती तर सगळं गाव मिळून ओढतं ना?”

“ओढायचं. नवरा गेला नि मी बाई असून स्वतः दर्यात जायला लागली, तवापासून माझ्या दोरीला कोण हात लावत न्हाय.”

तिने पहिल्या गाडीच्या बॉनेटवर थाप मारली. “हीच दे. दगा देणारे गावात हायत तेवढे पुरे.”