पोमुचचा पाव

“पाव कुठाय?” एल्वियाबाईंनी विचारलं.

लिगिया नुकतीच गाडीतून उतरून आली होती. संध्याकाळ झाली की काम्पेचे शहरात घरोघरच्या खुर्च्या फुटपाथवर येतात. एल्वियाबाईही दारापुढे खुर्ची टाकून समुद्राचा वारा खात बसल्या होत्या. त्यांची वरची खोली लिगियानं भाड्यानं घेतली होती. शहर निवांत, आणि आजूबाजूला कुठंही जायचं तर सकाळी वडापची गाडी तयार. रोज उठून ती कुठंतरी जाई आणि दिवेलागणीला परत येई. एद्झनाची जुनी देवळं पाहून झाली होती, चाम्पोतोनला मासे खाऊन झाले होते. आज ती बेकालला टोप्या बघायला गेली होती.

“कसला पाव?”

“अगं, बेकालची गाडी पोमुचवरूनच जाते ना? तिथला पाव घेतल्याशिवाय या शहरातलं कुत्रंसुद्धा परत येत नाही. माझा नवरा एकदा भांडून घर सोडून गेला होता, तोही पाव घेऊन परत आला. आणि तू हात हलवत आलीस?”

लिगियाला हसू आलं नाही. गाडी पोमुचच्या चौकात थांबली तेव्हा तिनं डोळे गच्च मिटून घेतले होते. खिडकीतून ताज्या पावाचा वास आत आला, तसा श्वासही रोखून धरला होता.

पोमुचचं नाव काढताच तिचा चेहरा उतरलेला एल्वियाबाईंनी टिपला. “तिथलीच आहेस ना तू?”

मग मात्र लिगियाला राहवलं नाही, तिनं सगळं सांगून टाकलं. ती दूर तिहुआनाला, कारखान्यात कामाला होती. आई गेली तेव्हा ती आली नाही. पुढं आईची हाडं जमिनीतून काढून लाकडी पेटीत ठेवली, तेव्हाही आली नाही. पोमुचची रीतच आहे, दरवर्षी मृतांच्या सणाआधी घरच्यांनी आपल्या माणसाची हाडं ब्रशनं हलकेच झाडायची आणि पेटीत नवं भरतकामाचं कापड घालायचं. ज्याची हाडं कुणी झाडत नाही तो रुसतो, मळक्या कपड्यांत गल्लीबोळांतून हिंडतो, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. आणि तिच्या थोरल्या बहिणीनं, मिर्नाताईनं, फोनवर शपथ घेतली होती, “तू आल्याशिवाय मी पेटीला हात लावणार नाही. राहू दे आईला धुळीत!” त्यानंतर दोघींचं बोलणंच संपलं होतं.

“माझ्यामुळं माझी आई इतकी वर्षं धुळीत पडलीय,” लिगिया म्हणाली. “सणासाठी म्हणून इथवर आले, पण पुढं कुठल्या तोंडानं जाऊ?”

एल्वियाबाईंनी समजूत वगैरे काही घातली नाही. “तोंडाचं तुझं तू बघ. मला उद्या पाव पाहिजे. चीज भरलेला.”

दुसऱ्या दिवशी लिगिया पोमुचला उतरली. पाव घ्यायचा आणि समोरची गाडी पकडून परत फिरायचं, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. पाव घेतला. परतीची गाडीही आली. पण पाय दफनभूमीकडं वळले.

आत माणसांची गर्दी होती. जो तो पेटी उघडून बसला होता, ब्रश चालवत होता, आपापल्या माणसाशी गप्पा मारत होता. लिगिया मान खाली घालून ओळींमधून फिरत राहिली. सगळ्यांत मळकी पेटी तेवढी शोधायची होती. ती काही सापडेना.

सापडली ती मिर्नाताई. केस पिकलेले, मांडीवर ब्रश. तिच्यापुढच्या पेटीत हाडं पांढरीस्वच्छ होती, आणि नव्या कापडावर लाल दोऱ्यानं आईचं नाव भरलं होतं.

“ताई,” लिगिया म्हणाली. “तू शपथ घेतली होतीस.”

मिर्नाताईनं वर पाहिलं. मांडीवरचा ब्रश बाजूला ठेवला.

“घेतली होती. पहिल्याच सणाला मोडली. तुझ्यावरच्या रागापायी आईला धुळीत ठेवू होय? आणि मोडली हे तुला कळवू कशी? नाक नाही का कापलं जायचं माझं!”

लिगिया तिच्याशेजारी खाली बसली. वर्षानुवर्षांचं ओझं उतरलं होतं. तिला रडूही येत होतं आणि हसूही.

“आई रागावली असेल ना गं माझ्यावर?”

“तिला कुठं काय माहीत? दरवर्षी विचारते, धाकटी कुठाय? मी सांगते, पाव आणायला गेलीय, येईल एवढ्यात.”

बोलता बोलता मिर्नाताईची नजर बहिणीच्या हातातल्या पिशवीवर गेली. मग पेटीवर वाकून म्हणाली, “आई, आली बघ. पाव घेऊन आलीय.”