उंबरा

टेमघरच्या भाविकाने लग्नातल्या धवल्यांवर चर्चा करायला ऑनलाइन मंच उघडला. गाणी ढिगाने जमली, पण शोधायला गेलं की हवं ते हाती लागेना. "कनगी भरलीस गो, पन दाना काढायला भोक ठेवलं न्हाय," धवले गाणारी तिची सासू, आक्का, चिडवायची. म्हणून भाविका आता शोधाची सोय सुधारायला बसली होती. लोक काय शोधून रित्या हाताने परततात ते पाहताना एका ओळीशी तिचं बोट अडलं. कुणीतरी दर दोन-चार दिवसांनी येऊन तीच ओळ शोधत होतं.

"आक्का, हा धवला कुठल्या गावचा? 'भावली निंगाली सासरी, उंबरा इचारी, कवा येशी?'"

आक्काचा हात सुपातल्या तांदळात थांबला.

"कुठल्याच गावचा न्हाय. दर्शना बारकी व्हती, तवा तिच्या भावलीच्या लग्नात मीच रचलेला. घराभायेर कुनी आयकला पन न्हाय."

मांडवाविना लग्न करून गेलेल्या लेकीचं नाव आक्काच्या तोंडून भाविका पहिल्यांदाच ऐकत होती.

"शोधल्यावर तिला काय दिसतं तिथं?" आक्काने हळूच विचारलं.

"'काही सापडलं नाही', एवढंच."

आक्काने सूप बाजूला सारलं.

"ते पुस," ती म्हणाली. "तिथं लिव, उंबरा अजून इचारतो."