कैद्याच्या जेवणाचे पैसे

"तीन रस्ते आहेत. कुठला धरायचा, ते आज सांगा," होटगीकर वकील म्हणाले.

जगदेवी नुसती धुमसत होती. बहात्तरच्या दुष्काळात नवऱ्यानं, विरुपाक्षनं, तिला माहेरी मंद्रूपला धाडलं आणि सोलापुरातल्या खोलीत नागम्माला आणून बसवलं. जगदेवी कोर्टात गेली, भांडली, पोटगीचा हुकूमनामा मिळवला. पण मेल्यानं एक दमडी टेकवली नाही.

"पगारावर जप्ती आणू. गिरणीवाले दरमहा कापून देतील. सावकाश मिळेल, पण मिळेल."

"दुसरा?"

"सामानाची जप्ती. भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण सोडून. त्याची सायकल अन् रेडिओ तेवढा हाती लागेल."

"आन् तिसरा?"

"दिवाणी तुरुंग. पण त्याच्या जेवणाचे पैसे दरमहा आगाऊ तुम्हीच भरायचे. एक महिना चुकलात की तो बाहेर."

"आतच घाला."

"अहो बाई, त्यात तुमच्या पदरात काय पडणार?"

"काय नको मला. कोर्टाचा कागद चुलीत घाल म्हणतोय त्यो. त्याला बाहेरनं लागलेली कडी बघू द्या की एकदा."

नोटीस झाली, तारखा झाल्या. शेवटी बेलीफ गिरणीच्या दारात उभा राहिला आणि जगदेवीनं बोट दाखवलं. "ह्योच त्यो."

"नागम्मा तुला जित्ती सोडायची न्हाय," विरुपाक्ष जाता जाता ओरडला.

यंत्रमागाच्या कांड्या भरून जगदेवीनं गाठीला मारलेले पैसे पहिल्याच महिन्यात संपले. तिच्या अंगाची लाही होत होती. जीव जाळला त्यानं आणि खाऊ घालायचं हिनं, हा कुठला न्याय? महिना भरत आला तशी ती रिकाम्या हातानं वकिलाकडे आली.

"मग उद्या तो सुटणार," होटगीकर म्हणाले.

तेवढ्यात दारात नागम्मा येऊन उभी राहिली. बिड्या वळता वळताच उठून आली असावी, बोटांना तंबाखू तशीच होती. जगदेवीनं पदर खोचला.

"आलीस व्हय गं दादल्याला सोडवायला?"

नागम्मानं तिच्याकडे पाहिलंही नाही. कमरेची चंची सोडून तिनं वकिलापुढे चुरगळलेल्या नोटा ठेवल्या.

"एवढ्यानं पोटगी फिटत नाही, बाई," होटगीकर म्हणाले. "तो सुटणार नाही."

"सोडवायला न्हाय, साहेब," नागम्मा म्हणाली. "महिना झाला, माझ्या अंगावर एक वळ उठला न्हाय. हे त्याच्या फुडच्या महिन्याच्या जेवणाचे."