परत आलेला इलेक्ट्रॉन

मुंबईच्या प्रयोगशाळेत नोकरी लागल्यापासून फेबियनला वसईतली माणसं मठ्ठ वाटत. त्या रविवारी तो वसईला घरी आला, तेव्हा धाकट्या बहिणीने, उर्सुलाने, त्याचं काम विचारलं.

"लेसरच्या प्रखर प्रकाशाने अणूतला इलेक्ट्रॉन उपटतो आम्ही. प्रकाशाची लाट उलटली की कधीकधी तो परत अणूवर येऊन आदळतो."

"तोच येतो कशावरून?"

"अडाणी प्रश्न. सगळे इलेक्ट्रॉन सारखेच असतात. तुझ्या डोक्यात नाही शिरायचं."

जेवणाआधी तो विहिरीवर हात धुवायला गेला. परतला तेव्हा उर्सुला हसत होती. त्याच्याशी ती इतकं मोकळं कधीच हसली नव्हती.

त्याच्या खुर्चीत त्याच्याच चेहऱ्याचा माणूस भात कालवत होता.

"उर्सुला," फेबियनने हाक मारली.

ती वळली. "कोण पाहिजे तुम्हाला?"