फुगलेला केक

प्रेमकुंवरनं सांडशीनं झाकण उचललं. वरचे निखारे घरंगळले, राख उडाली, आणि जर्मनच्या पातेल्यात केक चक्क फुगलेला दिसला.

आधीचे तीन बसले होते. पहिला गाईला घातला, तर गाईनं हुंगून मान फिरवली. दुसरा तिच्या नवऱ्यानं, चंपालालनं, प्रेमापोटी खाल्ला आणि दोन दिवस दुकानाच्या गादीवर धड बसू शकला नाही. तिसऱ्याबद्दल घरात कुणी बोलत नसे.

केक शिकवला होता माडीवरच्या भाडेकरू वच्छलाबाईंनी. त्यांचे यजमान रेल्वेत. कॉलनीतल्या मडमेकडून त्या हे शिकून आल्या होत्या. तिसरा केक बसला तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "दोन अंडा टाक नं व माय, कोनले कळस?" प्रेमकुंवरनं कानांवर हात ठेवले. जैनाचं घर ते. तिथं अंड्याचं नावही घेत नसत, 'ते' म्हणत.

म्हणून तिनं दही घातलं, सोडा घातला, आटवलेल्या दुधाचा डबा मुंबईहून मागवला. रेशनची साखर चहातून चोरून साठवली. आज केक फुगला, तेव्हा तो दोऱ्यानं कापून तिनं त्याचे तीन थर केले. मध्ये केळी आणि पपई साखरेत शिजवून भरली. वरून साय फासली आणि ओल्या नारळाचा कीस असा थापला की केक दिसेनासा झाला. पांढराशुभ्र, सोज्वळ. त्याच्यावर कुणी संशय घेईल असं स्वप्नातही वाटलं नसतं.

पोराचा पहिला वाढदिवस होता. थंडीचे दिवस, सूर्य लवकर मावळणार, त्याच्या आत सगळ्यांचं खाणं आटपायला हवं. बैठकीत सगळा गोतावळा जमला. केक कापला, ताटल्या फिरल्या. प्रेमकुंवर पदराआडून बघत होती, कोण आधी वाहवा करतं ते.

तारादेवींनी, तिच्या काकीसासूंनी, तुकडा बोटानं दाबला. तो खाली गेला आणि पुन्हा वर आला.

"यात 'ते' आहे," त्या म्हणाल्या.

बैठकीतले सगळे हात जागच्या जागी थांबले.

"नाही हो काकीजी! पोराची शपथ!"

"शपथेनं केक फुगत नाही. माडीवालीच्या कचऱ्यात टरफलं मी या डोळ्यांनी बघितलीत. आणि तू दिवसभर तिच्याकडेच असतेस."

वच्छलाबाईंना विचारा, असं प्रेमकुंवर म्हणाली. ती तर खाणारीच, तिची साक्ष कोण धरणार, असं तारादेवी म्हणाल्या. बरं, कुणीतरी चाखून सांगा. पण सांगणार कोण? ज्याला चव ठाऊक तो आधीच बुडालेला. ज्याला ठाऊक नाही त्याच्या सांगण्याला काय किंमत? चंपालाल एकदम पोराच्या टोपीची नाडी बांधायला लागला. बांधून झाली तशी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.

सगळ्यांनी भंवरलालजींकडे पाहिलं. प्रेमकुंवरचे सासरे. समाजाचे पंच. त्यांनी दोन घरांना वाळीत टाकलं होतं, तेही एवढ्या-तेवढ्यावरून. ते ताटलीतल्या तुकड्याकडे बघत राहिले.

"खोटं असेल तर उत्तम," ते म्हणाले. "खरं असेल तर सूनबाई आजच्या गाडीनं बोदवडला, माहेरी. पोरगा इथंच राहील."

प्रेमकुंवरनं पोराकडे पाहिलं. इतकी मेहनत करून शेवटी केक फुगला म्हणून पोर जाणार! बसला असता तर सगळे हसले असते आणि घरी गेले असते.

तेवढ्यात पानबाई उठल्या. तिच्या सासूबाई. पाणी दोनदा गाळून पिणाऱ्या. लग्न होऊन दोन वर्षं झाली, पण त्यांनी सुनेच्या हातच्या कशालाही बरं म्हटलं नव्हतं. केकला त्या 'साहेबाचा रोट' म्हणत. प्रेमकुंवरनं डोळे मिटून घेतले.

पानबाईंनी एक तुकडा तोंडात टाकला. सावकाश चावला. मग आणखी एक घेतला.

"यात अंडं नाही," त्या म्हणाल्या. भर बैठकीत तो शब्द ऐकून दोन बायकांनी तोंडाला पदर लावला.

"भाभीजी, तुम्हाला हो काय ठाऊक?" तारादेवी म्हणाल्या.

"मी खाल्लाय तो. अंड्याचा. भुसावळच्या स्टेशनात, नवी नवरी होते तेव्हा. त्याला एक वास असतो, तारा. याला नाही."

प्रेमकुंवरच्या डोळ्यांतून धारा लागल्या. जिच्या पावलांची चाहूल लागली तरी ती पदर सावरायची, तीच बाई तिच्यासाठी भरल्या बैठकीत बुडायला उभी होती. असं बोलू नका, असं तिला ओरडून सांगावंसं वाटलं. पानबाई मात्र ताठ उभ्या होत्या. कुणाकडेही न बघता बोटाला लागलेला नारळ चाटत होत्या.

"ऐकलंत ना, जेठजी?" तारादेवी भंवरलालजींकडे वळल्या. "आता बोला!"

भंवरलालजींनी खिडकीतून सूर्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. ताटली उचलली, अख्खा तुकडा तोंडात घातला आणि बराच वेळ चघळला.

"खरं बोलते ती," ते म्हणाले. "तो याच्यापेक्षा मऊ होता."